किलमॉगच्या चढावर डोरीन गेली

शुक्रवारी संध्याकाळी हेक्टर मकॉस्लनच्या गॅरेजातल्या टेबलावर सतरा वस्तू ओळीनं मांडलेल्या होत्या. दोन कॉइल, तीन कंडेन्सर, आठ स्पार्क प्लग, डिस्ट्रिब्युटरचं एक झाकण, दोन पेट्रोल पंप आणि एक फिल्टर. गेल्या पाच महिन्यांत ह्या सतराही जणांवर एकामागून एक आरोप ठेवण्यात आला होता, प्रत्येकाला गाडीतून हद्दपार करण्यात आलं होतं, आणि प्रत्येक जण निर्दोष निघाला होता!

गाडी शेजारीच उभी होती. हिरवी, दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, एकोणतीस वर्षांची. हेक्टरनं तिला इतकं घासलं होतं की तिच्याकडे बघून दाढी करता आली असती. पेट्रोलच्या टाकीच्या चकचकीत झाकणावर टाचणीच्या टोकाएवढा एक काळा डाग होता. दोन वर्षं तो हेक्टरला दाद देत नव्हता. गेल्या ऑक्टोबरात मात्र पॉलिशचा तिसरा डबा संपता संपता तोही गेला. तेव्हापासून दर शुक्रवारी हेक्टर त्या जागेवरून पॉलिशचं बोट फिरवायचा. न जाणो, परत यायचा!

"ह्या वेळी नक्की सापडलंय," तो म्हणाला.

त्याची बायको आयोना दारात उभी होती. "अठरावा?"

"अठरावा आणि शेवटचा! कॉइलच होती. गरम झाली की मान टाकते. आता तिसरी बसवलीय. उद्या सकाळी किलमॉग चढून दाखवते की नाही बघ. नाही चढली तर नाव बदलेन!"

"नाव नको बदलूस," आयोना म्हणाली. "गाडी वीक."

ही थट्टा नव्हती. नोव्हेंबरात ड्युनेडिनला आयोनाच्या गानमंडळाचा कार्यक्रम होता. बावीस वर्षं मागच्या रांगेत उभं राहून गायल्यावर पहिल्यांदा तिला एकटीनं गायच्या आठ ओळी मिळाल्या होत्या. त्या आठ ओळी तिनं वाटेतल्या किलमॉग डोंगराच्या माथ्यावर, पावसात, नव्या बुटांत, बंद पडलेल्या गाडीच्या बॉनेटकडे बघत मनातल्या मनात म्हटल्या. दोन तास! त्यानंतर ती त्या गाडीत बसली नव्हती. आता ह्या रविवारी पुन्हा कार्यक्रम होता, पुन्हा त्याच आठ ओळी होत्या, आणि आयोनानं करार केला होता. ती एकदा, फक्त एकदा, गाडीत बसेल. गाडीनं तिला न थांबता ड्युनेडिनला पोचवलं तर गाडी राहील. वाटेत थांबली, तर सोमवारी तिमारूचा एक माणूस ट्रेलर घेऊन येईल. त्याला तिनं आधीच फोन करून ठेवला होता. माणूस भला होता. त्याला गाडीचे सुटे भाग हवे होते!

सुटे भाग! हेक्टरला त्या शब्दानं रात्री जाग यायची.

गाडीचं नाव डोरीन. हे नाव घराबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याला कारण होतं. हेक्टरची एक डोरीनआत्या होती. वय एक्क्याण्णव, मुक्काम पामर्स्टनचा वृद्धाश्रम. तिची एक सवय गावभर प्रसिद्ध होती. बोलता बोलता ती वाक्याच्या मध्येच थांबायची. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी मिनिटभर. समोरच्याला वाटायचं, आटोपलं! मग काहीच न झाल्यासारखं ती पुढचा शब्द उच्चारायची. गाडीही तेच करायची. चालता चालता दोन आचके द्यायची, गप्प व्हायची, आणि दहा मिनिटांनी चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू! आत्याच्या कानावर जाऊ नये म्हणून नाव घरातच ठेवलं होतं.

आता हेक्टर काही अडाणी माणूस नव्हता. एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मास्तर! त्यानं रीतसर वही केली होती. प्रत्येक वेळी गाडी कुठं बंद पडली, किती किलोमीटरवर, हवा कशी होती, सगळं लिहून आलेख काढला होता. आणि आलेखातून निघालेला नियम बघून तो स्वतःच चक्रावला होता. काम जितकं महत्त्वाचं, तितकी गाडी लवकर बंद! कोपऱ्यावर दूध आणायला जा, दिवसभर हुंदडा, काही नाही. लग्नाला निघा, पंचवीस किलोमीटर. डॉक्टरकडे निघा, बारा. आयोनाच्या गाण्याला निघालात, तर पहिलाच चढ! एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यानं असं यंत्र पाहिलं नव्हतं, ज्याला कामाचं महत्त्व कळतं.

दर वेळी गाडी बंद पडली की तो एक गोष्ट न चुकता करायचा. टाकीचं झाकण उघडून आत काठी बुडवून पेट्रोल आहे ना ते बघायचा. पेट्रोल असायचंच, कारण महत्त्वाच्या कामाला निघताना तो टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायचा. झाकण फिरवताना आतून "फिस्स" असा सुस्कारा यायचा. हेक्टरला वाटायचं, दमलीय बिचारी.

शनिवारी सकाळी त्यानं टाकी गळ्यापर्यंत भरली आणि किलमॉगची वाट धरली. गाडी काय पळत होती! मागच्या सीटवर देव बसल्यासारखी. मागे सीट नव्हती, ती गोष्ट वेगळी. चढाला लागला. पहिलं वळण, दुसरं वळण. मेंढ्यांनी भरलेल्या ट्रकला त्यानं मागे टाकलं. "कॉइलच!" तो मोठ्यानं ओरडला. "कॉइलच होती!"

एक आचका. दुसरा आचका. शांतता.

घरापासून नऊ किलोमीटर आणि चारशे मीटर. मेंढ्यांचा ट्रक सावकाश शेजारून गेला. त्यातली प्रत्येक मेंढी हेक्टरकडे बघत होती.

जवळच्या फार्मवर जाऊन त्यानं घरी फोन लावला. फार्मवरचा कुत्रा अखंड भुंकत होता. पलीकडे फोन उचलला तो शेजारच्या नोलीन पिकेटनं. नोलीन ऑकलंड सोडून इथं वायकोवायटीत आली त्याला आठच महिने झाले होते. बाई मनानं फार हळवी, आणि डोरीनआत्यावर तिचा विशेष जीव. दर बुधवारी तिला भेटायला पामर्स्टनला जायची.

"नोलीन? हेक्टर बोलतोय. आयोना कुठंय?"

"तालमीला गेलीय. मी केकचा साचा न्यायला आले होते. का रे, आवाज असा का तुझा?"

"डोरीन गेली."

पलीकडे काहीतरी पत्र्याचं फरशीवर आपटलं. बहुधा केकचा साचा.

"अगं बाई! कधी?"

"सव्वादहाला. किलमॉगवर."

"किलमॉगवर? ह्या वयात ती किलमॉगवर काय करत होती?"

"चढत होती! मीच आणली होती. म्हटलं, उद्याच्या आधी एकदा बघून घ्यावं, चढ झेपतो का."

नोलीनचा आवाज बदलला. "हेक्टर. तू तिला चढ चढायला लावलास?"

"त्यात काय! अर्ध्यापर्यंत मस्त आली. एका ट्रकलाही मागे टाकलं. मग दोन आचके दिले आणि संपलं."

"फार त्रास झाला का रे तिला?"

"तिला कसला त्रास? त्रास मला! पाच महिन्यांत सतरा पार्ट बदलले तिचे. माणसानं आणखी करायचं तरी काय?"

"सतरा..." नोलीन म्हणाली. पुढचं कुत्र्यामुळे ऐकू आलं नाही.

"ते असू दे. गॅरेजवाल्या मेरेआनाला फोन कर. म्हणावं, दोरी घेऊन ये. ओढत न्यावी लागणार."

"ओढत? हेक्टर! अरे, रीतसर गाडी मागवू ना आपण तिच्यासाठी!"

"कशाला उगाच? दोरी पुरे!" असं म्हणून हेक्टरनं फोन ठेवला, आणि मनात म्हणाला, काय समजूतदार बाई आहे! किती आपुलकीनं चौकशी केली!

अर्ध्या तासानं मेरेआना आपला पिकअप घेऊन आली. मेरेआना पारातेने म्हणजे गावातलं एकमेव गॅरेज. बॉनेटवर नुसता हात ठेवून इंजिनाची नाडी सांगणारी बाई. हेक्टरच्याच वर्गात शिकलेली. भौतिकशास्त्रात तिला शंभरपैकी एकतीस मिळाले होते, आणि ते ती आजतागायत विसरली नव्हती.

"सर, ती नोलीन फोनवर ढसाढसा रडत होती," ती खाली उतरत म्हणाली. "तुमच्या गाडीवर एवढा जीव आहे तिचा?"

"गाडीच तशी आहे," हेक्टर अभिमानानं म्हणाला.

"बघू." तिनं चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं! मेरेआनानं हेक्टरकडे पाहिलं. हेक्टरनं डोंगराकडे पाहिलं.

"मघाशी बंद होती गं. देवाशप्पथ!"

"मी कुठं नाही म्हणतेय? पोरांचाही ताप दवाखान्याच्या दारात उतरतो." ती कान देऊन ऐकत राहिली. "काय केलंत मधल्या वेळात?"

"काही नाही. झाकण उघडून पेट्रोल बघितलं."

"प्रत्येक वेळी बघता?"

"प्रत्येक वेळी."

"हं," मेरेआना म्हणाली. तिच्या "हं"मध्ये काहीतरी होतं, पण काय ते तिलाही अजून सापडलं नव्हतं. "चला घरी. मी मागून येते."

घराजवळ आल्यावर हेक्टरनं वेग कमी केला. फाटकाबाहेर अकरा गाड्या उभ्या होत्या. समोरच्या बोलिंग क्लबचा झेंडा अर्ध्यावर उतरवलेला होता. स्वयंपाकघरात शिरायला वाट नव्हती. टेबलावर, ओट्यावर, फ्रिजवर ताटंच ताटं! बेकन आणि अंडी भरून भाजलेले चार 'पाय' (खायचे, चालायचे नव्हेत), मटणाची तीन भांडी, आणि छोट्या पावांसारखे स्कोन किती ते मोजायची सोय नव्हती. मधोमध आयोना उभी होती. तालमीहून आल्यापासून अकरा माणसांनी तिला एकामागून एक मिठी मारली होती, आणि का मारली ते कुणीच सांगितलं नव्हतं.

हेक्टरचे डोळे भरून आले. गावाचा डोरीनवर एवढा जीव असेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं!

बोलिंग क्लबच्या म्हाताऱ्या चिटणिसांनी त्याचा हात हातात घेतला. "धीर धर, हेक्टर. वयाच्या मानानं पुष्कळ चालली."

"नाही हो, अजून संपलेली नाही!" हेक्टर म्हणाला. "तिथंच पुन्हा चालू झाली. आत्ता बाहेर उभी आहे."

चिटणिसांनी खिडकीतून बाहेर पाहायचं धाडस केलं नाही.

"आज दुपारी मेरेआना आणि मी तिला उघडून बघणार," हेक्टर म्हणाला.

"उघडून?" दोन बायका एकदम खुर्चीत बसल्या.

"आणि नाहीच जमलं तर आयोनानं तिमारूच्या माणसाशी बोलून ठेवलंय. तो सुटे भाग काढून नेईल."

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. त्याऐवजी फोन वाजला.

आयोनानं उचलला, ऐकलं, आणि पांढरीफटक होऊन हेक्टरच्या हातात दिला. आवाज इतका खणखणीत होता की दाराशी उभ्या माणसालाही ऐकू जात होता.

"हेक्टर! मी गेले असं इथं सांगतायत! माझ्या वाटणीचं जेवण काढायचं की नाही, ह्यावर स्वयंपाकघरात चर्चा चाललीय!"

"आत्या?"

"मीच. ट्रकला मागे टाकून किलमॉगवर गेले म्हणे! म्हणजे तू तुझ्या त्या..."

आत्या थांबली. पाच सेकंद. दहा सेकंद. सगळं स्वयंपाकघर श्वास रोखून उभं होतं. चिटणिसांनी टोपी काढली.

"...मोटारीला माझं नाव दिलंयस!"

पुढचं दोन मिनिटांचं संभाषण इथं देण्यासारखं नाही. हेक्टरनं त्यात सहा वेळा "हो आत्या" आणि एकदा "नाही आत्या, ती देखणी आहे म्हणून" असं म्हटलं.

फोन ठेवल्यावर आधी आयोना हसली. मग मेरेआना. मग सगळे हसले, आणि नोलीन हसता हसता रडायला लागली. "अरे, मग मला कुणी सांगायचं नाही का, मोटारीचं नाव डोरीन म्हणून! मी सगळ्या गावाला फोन केले!"

ताटं परत न्यायचा प्रश्नच नव्हता. आणलेलं ताट परत नेणं म्हणजे आमच्याकडे भांडण काढल्यासारखंच. लोक बसले, खायला लागले. नोलीननं पिशवीतून काचेची एक बरणी काढली. सोनेरी पीच, पाकातले. ती हुंदका आवरत म्हणाली, "डोरीनआत्यानंच शिकवले होते मला. म्हटलं, तिच्या नावानं सगळ्यांना एकेक फोड द्यावी. आता जिवंतपणाच्या नावानं देऊ!"

बरणीचं पत्र्याचं झाकण काही निघेना. चिटणिसांनी जोर लावला, मेरेआनानं लावला. झाकणाचा मधला भाग गालाला खळी पडावी तसा आत ओढला गेला होता.

"आण इकडे," नोलीन म्हणाली. "ती म्हणते, जोर नाही लावायचा. वाट द्यायची." तिनं सुरीचं टोक झाकणावर ठेवलं आणि हलकेच टोचलं.

"फिस्स."

खळी टुपकन वर आली. झाकण सहज निघालं.

हेक्टरच्या हातातला स्कोन जिथल्या तिथं थांबला. त्यानं मान वळवली. मेरेआनानंही वळवली होती. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"हाच," हेक्टर पुटपुटला. "अगदी हाच आवाज!"

"सर," मेरेआना म्हणाली, "झाकण उघडून पेट्रोल बघता. प्रत्येक वेळी."

दोघं एकदमच दाराकडे धावले आणि दारात अडकले. मागून सगळं गाव ताटं हातात घेऊन बाहेर आलं. नक्की काय चाललंय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण सकाळपासून हाच अनुभव असल्यामुळे कुणी विचारलंही नाही.

मेरेआनानं डिकी उघडून आतलं पुठ्ठ्याचं अस्तर काढलं. आडवी, काळी, पत्र्याची पेट्रोलची टाकी दिसायला लागली. झाकण घट्ट लावलं. इंजिन चालू करून वेग वाढवून ठेवला. हेक्टरनं लाकडाची सरळ फूटपट्टी टाकीच्या पत्र्यावर आडवी धरली आणि घड्याळाकडे पाहिलं. पट्टी आणि पत्रा, मध्ये फट नाही.

चार मिनिटं. काही नाही. कुणीतरी पाय चावत होतं.

सात मिनिटं. पट्टीच्या मधोमध केसाएवढा उजेड दिसायला लागला.

"हलतोय," मेरेआना कुजबुजली.

पत्रा आत चालला होता. कुणी हात लावत नव्हतं, कुणी दाबत नव्हतं. नुसतं दुपारचं ऊन, बागेतलं गवत, बावीस माणसं, आणि जाड पत्रा आपोआप गालासारखा आत चाललेला! नऊ मिनिटांनी फट दोन मिलीमीटर झाली. अकरा मिनिटांनी पाच. चावायचं सगळे विसरले. चिटणीस युद्धावर जाऊन आलेले, त्यांनीही असं काही पाहिलं नव्हतं. "कोण ओढतंय त्याला?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणी ओढत नाहीये," हेक्टर म्हणाला. "बाहेरून दाबतंय."

"कोण?"

"हवा. हीच. आपल्या सगळ्यांभोवती असलेली."

लोकांनी नकळत वर पाहिलं. वर निळं आकाश होतं आणि दोन सीगल. त्या एवढ्याशा पारदर्शक, बिनवासाच्या, फुकटच्या गोष्टीनं लोखंड चेपत आणलं होतं! तळहाताएवढ्या जागेवर शंभर किलोंचं ओझं ठेवून ती रात्रंदिवस उभी असते. आपल्या आतूनही तेवढाच रेटा असतो म्हणून आपण उभे. आणि टाकीच्या आत? पेट्रोल जात होतं, त्याच्या जागी शिरायला कुणालाच वाट नव्हती. शेवटी पंपाचीच ताकद संपली. तो ओढत होता, पण टाकी सोडत नव्हती.

चौदाव्या मिनिटाला एक आचका. दुसरा आचका. शांतता.

हेक्टरनं झाकण फिरवलं. "फिस्स्स्स" असा लांबलचक श्वास, आणि मग "ढब्ब!" पत्रा जागेवर आला. पाच माणसं मागे सरकली आणि एक पाय, बेकनचा, गवतात पडला.

मग मेरेआना म्हणाली, "सर, नववीत तुम्ही रॉकेलचा डबा तापवायचात. झाकण लावायचात. वरून गार पाणी ओतलं की तो कडकडा चेपायचा. पोरी किंचाळायच्या."

"हो," हेक्टर म्हणाला.

"एकतीस वर्षं दाखवलंत."

"हो."

"मला एकतीस मार्क दिले होते त्यात."

"मेरेआना, आज शंभर घे. पण आता एवढं सांग, आत वाट असायला हवी ती कुठंय? कुठंतरी छिद्र असणारच!"

"झाकणात असतं. ह्या गाड्यांना टाचणीएवढं." तिनं झाकण हातात घेऊन उन्हात धरलं. त्यात तिचं, हेक्टरचं आणि अर्ध्या गावाचं तोंड लखलखीत दिसत होतं. छिद्र मात्र नव्हतं. "नवलच. सपाट, गुळगुळीत! काळा ठिपका दिसायला हवा."

हेक्टरनं हळूच झाकणावरची नजर काढून घेतली.

आयोना हळूहळू त्याच्याकडे वळली. "काळा ठिपका?" ती म्हणाली. "हेक्टर... तो डाग?"

त्या क्षणी टाकीऐवजी आपणच आत चेपलं जावं, असं हेक्टरला वाटलं. सतरा निरपराध माणसं टेबलावर ओळीनं पडली होती, आणि खुनी दर शुक्रवारी हातात मऊ फडकं घेऊन उभा होता!

आणि महत्त्वाच्या कामाचं कोडंही तिथंच सुटलं. महत्त्वाचं काम म्हणजे गळ्यापर्यंत टाकी. गळ्यापर्यंत टाकी म्हणजे आत हवेला जागाच नाही. दूध आणायला अर्धी टाकी पुरायची, आत हवा ऐसपैस, दिवसभर ताणत राहायची. जितकी काळजी जास्त, तितकी गाडी लवकर बंद. नियम बरोबर होता. फक्त आलेखाच्या उभ्या रेषेवर महत्त्वाऐवजी टाकीतले लिटर लिहायला हवे होते.

आयोनानं आतून रफूची सुई आणली. "सरक," म्हणाली. झाकण तिनं मांडीवर घेतलं, डाग जिथं होता ती जागा हेक्टरनं डोळे मिटूनही दाखवली असती, ती त्यानं डोळे मिटूनच दाखवली, आणि तिनं सुई दाबली. वाळलेल्या पॉलिशचा पांढरा धागा दुसऱ्या बाजूनं शेवयासारखा बाहेर आला. तिनं झाकण ओठांशी नेऊन फुंकर मारली. आरपार! पाच महिन्यांनी पहिल्यांदा.

"एवढ्याशानं?" नोलीन म्हणाली. "एवढ्याशा भोकानं अख्खी मोटार अडवली?"

"भोकानं नाही," आयोना म्हणाली. "नवऱ्यानं."

रविवारी सव्वाबाराला आयोना गाडीत बसली. केसांना रुमाल, पायांत तेच बूट, आणि अंगभर पसरलेला अविश्वास. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. हेक्टरनं मुद्दामच भरली होती. सोपी परीक्षा त्यानं एकतीस वर्षांत कधी घेतली नव्हती.

नऊ किलोमीटर. नऊ आणि चारशे मीटर. हेक्टरनं श्वास धरला. दहा. अकरा. तिसरं वळण मागे पडलं, चौथं पडलं. इंजिन एका सुरात गात होतं, आणि चढ जितका उभा होत होता तितका त्याचा सूर भरदार होत होता. मागे, झाकणातल्या एका सुईच्या भोकातून, अख्खं आभाळ शांतपणे आत चाललं होतं. हेक्टरला हसावं की रडावं कळेना. एवढी थोरली गोष्ट, आणि तिला एवढीशी वाट पुरते!

माथा दिसायला लागला. आता उतार, आणि मग सरळ ड्युनेडिन!

"थांबव," आयोना म्हणाली.

"काय?"

"गाडी थांबव."

"आयोना, आत्ता नको गं! चांगली चाललीय! करार आठव, न थांबता म्हणालो होतो आपण! तो तिमारूवाला..."

"तिमारूवाल्याला मी काल रात्रीच नाही म्हणून कळवलंय. थांबव म्हणते ना!"

त्यानं गाडी रस्त्याकडेच्या गवतावर घेतली. आयोना खाली उतरली आणि दोन पावलं पुढं जाऊन उभी राहिली. खाली करिटाने गावचा वाळूचा किनारा होता, नदीचं मुख होतं, भूशिर पाण्यात झोपलेल्या जनावरासारखं पसरलेलं होतं, आणि त्याच्यापलीकडे जिथवर नजर जाईल तिथवर समुद्र. लाटांच्या रेघा इतक्या बारीक होत्या की वाटावं, कुणीतरी पट्टी लावून ओढल्यात.

"हे इथं होतं?" ती म्हणाली.

"होतंच की. कायमचं."

"मी दोन तास उभी होते रे इथं. मला बॉनेट सोडून काही दिसलं नाही."

हेक्टरनं तिच्याजवळ जायचं ठरवलं, मग चावीकडे पाहिलं, आणि ती तशीच राहू दिली. विज्ञानावर त्याचा पूर्ण विश्वास होता. पण उगाच कशाला?

आयोनानं रुमाल सोडला, समुद्राकडे तोंड केलं, आणि आपल्या आठ ओळी म्हटल्या. मोठ्यानं. मग पुन्हा एकदा म्हटल्या.

गाडी किलमॉगच्या माथ्यावर एकवीस मिनिटं उभी होती. इंजिन चालू होतं.